चोरचोळीचा महिना आणि पोटातले बाळ

जबलपूरच्या बडा फुहारा बाजारात संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. कापडाच्या दुकानात एक सासूबाई चोळीसाठी हिरवा खण निवडत आहेत. शेजारी बसलेली सून जवळच्या कढईतल्या तळणाचा वास आला की पदर नाकाला लावते आहे.

"घर में कुछ खास है क्या, माताजी?" दुकानदार विचारतो.

"नहीं भैया, यूँ ही," सासूबाई शांतपणे सांगतात.

बाहेर आल्यावर सून हसते, "आई, किती सहज थाप मारलीत!"

"अगं, उगाच का चोरचोळी म्हणतात? तिसरा सरेपर्यंत कुणाजवळ ब्र काढायचा नाही."

"पण डॉक्टरांकडे तरी जाऊन येऊ या ना?"

"जाऊ गं सावकाश. आत्ता आहे केवढंसं ते!"

अशी सासू-सुनेची जोडी मराठी घरांतून सर्रास दिसते. सासूबाईंच्या मनात माया आहे, दृष्ट लागण्याची भीतीही आहे. परंतु 'आहे केवढंसं' हा त्यांचा अंदाज मात्र चुकीचा आहे.

केवढेसे, पण जवळजवळ पूर्ण

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून १२ आठवडे झाले की बाळ डोक्यापासून कुल्ल्यापर्यंत साधारण साडेपाच ते सहा सेंटीमीटर लांब असते. वजन सुमारे १४ ग्रॅम, म्हणजे लिंबाहूनही हलके. पण या इवल्या देहात हृदय मिनिटाला सुमारे १६० वेळा धडधडत असते. हातापायांची बोटे सुटी झालेली असतात, नखे उमटू लागतात. हिरड्यांत दुधाच्या दातांचे अंकुर धरलेले असतात. मूत्रपिंडांचे काम सुरू झालेले असते. पोटात जागा अपुरी असल्यामुळे आतड्यांचा काही भाग आधी नाळेत वाढत असतो, तोही या सुमारास पोटात परततो. पापण्या मात्र मिटलेल्या असतात आणि त्या उघडायला सहावा-सातवा महिना उजाडतो.

बाळ हात हलवते, पाय झाडते. पहिलटकरणीला ही हालचाल जाणवायला बहुधा पाचवा महिना लागतो, म्हणून आत काहीच घडत नाही असे वाटते. प्रत्यक्षात अवयवांची मुख्य घडण या तीन महिन्यांतच उरकलेली असते. पुढचे सहा महिने मुख्यतः वाढीचे आणि अवयव पक्के होण्याचे असतात.

गुपिताची किंमत

मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नलिकेपासून बनतात, ती गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्यातच बंद होते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम पंधरा दिवस झालेले असतात. म्हणूनच बाळाचा विचार ठरला की आधीपासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करणे उत्तम. आधीच्या बाळात मज्जारज्जूचा दोष आढळला असेल तर मात्रा अधिक लागते आणि ती डॉक्टरच ठरवतात.

याच दिवसांत काही औषधे बाळाच्या घडणीत बाधा आणू शकतात. मुरुमांवरच्या किंवा फिट्सच्या गोळ्या चालू असतील तर लगेच डॉक्टरांना सांगावे. फिट्सच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करणेही धोक्याचे असते. तंबाखू, मिश्री आणि गुडाखू यांना तर पहिल्या दिवसापासून रजा द्यावी.

पहिली तपासणी १२ आठवड्यांच्या आत व्हावी ती यासाठीच. तेव्हा रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर यांची नोंद होते. ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यानच्या सोनोग्राफीत बाळाची लांबी मोजून प्रसूतीची तारीख नेमकी ठरवता येते, जुळे असल्यास कळते आणि मानेमागच्या द्रवाच्या जाडीवरून काही दोषांची शंका वेळेवर येते. 'मुलगा की मुलगी' हे विचारण्यासाठी मात्र ही तपासणी नाही. १९९४च्या कायद्याने तसे विचारणे आणि सांगणे दोन्ही गुन्हा आहे.

एक तपासणी विसरू नये

१९५६ पर्यंत जबलपूर आणि विदर्भ एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर होती. पुढे सीमा आखली गेली, पण सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार दोन्ही बाजूंना राहिला. १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान मध्य प्रदेशातल्याच शहडोल येथून सुरू झाले.

आईवडील दोघेही या आजाराचे वाहक असतील तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक व्यक्ती बहुधा ठणठणीत असते, त्यामुळे रक्त तपासल्याशिवाय हे कळत नाही. आधी पत्नीची तपासणी होते आणि ती वाहक निघाली तर पतीची. दोघेही वाहक असतील तर ११ ते १४ आठवड्यांत वारेचा सूक्ष्म अंश तपासून बाळाला आजार आहे का, हे पाहता येते. तिसरा सरण्याची वाट पाहणाऱ्या घरात नेमकी हीच वेळ निघून जाते. थॅलेसेमियाचेही असेच आहे.

गर्भ टिकला नाही तर

मौन बाळगण्यामागे आणखी एक भीती असते. दिवस राहिल्याचे कळलेल्या १०० स्त्रियांपैकी साधारण १० ते १५ जणींचा गर्भपात होतो आणि तो बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांतच. त्यांतल्या निम्म्याहून अधिक वेळा बाळाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. जिना चढल्यामुळे, बाजारात गेल्यामुळे किंवा कुणाची दृष्ट लागल्यामुळे गर्भ पडत नाही. अशा वेळी सुनेला दोष देण्याऐवजी तिच्या पाठीवर हात ठेवणारे माणूस हवे. कुणालाच सांगितले नसेल तर ते दुःख तिला एकटीलाच गिळावे लागते.

रक्तस्राव, पोटात तीव्र वेदना, चक्कर किंवा पाणीही न टिकण्याइतकी उलटी झाली तर थांबू नये, लगेच दवाखाना गाठावा.

तिसरा सरताना

वारेचे काम आता जोमाने सुरू होते आणि बहुतेकींची मळमळ हळूहळू ओसरते. जबलपूरच्या खोव्याच्या जिलेबीचे डोहाळे लागले तर एखादी जरूर खावी, पण तिने जेवणाची जागा घेऊ नये. डाळी, हिरव्या पालेभाज्या, दूध आणि लिंबू रोज पोटात जावे. चौथ्या महिन्यापासून लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू कराव्यात. दोन्ही एकाच वेळी घेऊ नयेत, नाहीतर लोह नीट शोषले जात नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या गर्भवतींची मोफत तपासणी होते, तिचाही लाभ घ्यावा.

चोरचोळी जरूर करावी. हिरवा खण, ओटी आणि दोन मायेचे शब्द सुनेला धीर देतात. शेजारणीला, भिशीतल्या मैत्रिणींना, दुकानदाराला खबर नाही दिली तरी चालेल. पण डॉक्टरांना ती सर्वांत आधी द्यावी. दुसऱ्या दिवशी सकाळी, बाजार उघडण्याआधीच सासूबाईंनी सुनेला म्हणावे, "चल, आज मी येते तुझ्याबरोबर." त्या दिवशी तिच्यासाठी खणाइतकेच हेही मोलाचे असेल.