शेवटच्या तासानंतर

भाचीची बारावी झाली. कोल्हापूरहून ती पुण्यात शिकायला येणार आहे. गेल्या आठवड्यात कॉलेजांची यादी घेऊन माझ्याकडे आली होती. कटऑफ, फी, प्लेसमेंट, सगळं वहीत नीट लिहिलेलं. बोलणं संपलं तशी वही मिटून हळूच म्हणाली, "मावशी, मला पार्ट्या नाही गं आवडत. मग माझ्याशी मैत्री कोण करणार?"

साताऱ्याहून आले तेव्हा मलाही हीच भीती होती. शनिवारी संध्याकाळी हॉस्टेलचा मजला रिकामा व्हायचा आणि मी खाटेवर बसून घरी पत्रं लिहायची. ऑगस्टमध्ये वर्गातल्या एकीनं विचारलं, "पुरुषोत्तमच्या तालमी चालू आहेत. बॅकस्टेजला माणसं कमी पडतायत, येतेस?"

महाराष्ट्रीय कलोपासकनं १९६३ साली सुरू केलेली ही एकांकिका स्पर्धा मी तोवर पाहिलीही नव्हती. पहिल्या दिवशी नेपथ्याचा फ्लॅट धरून उभी राहिले, दुसऱ्या दिवशी रंगवायला बसले. फारसं बोलावं लागलं नाही. रात्री सगळ्यांनी मिळून वडापाव खाल्ला. स्पर्धेच्या दिवशी भरत नाट्य मंदिरात 'अरे आवाज कुणाचा' अशी आरोळी उठली, तेव्हा कॉलेजचं नाव घेऊन ओरडणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यात मोठा होता. त्या तालमीतल्या तिघी आजही माझ्या सुखदुःखाला धावून येतात.

बुजऱ्या मुलांना गप्पांपेक्षा आधी हाताला काम लागतं. सोबत काम करता करता ओळख होते, आणि ती टिकते. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. गावात एकत्र बंधारा घालणारी, एका पंगतीत जेवणारी मुलं आठवड्याभरात एकमेकांची होतात. सीओईपीच्या बोट क्लबची मुलं नदीवर रेगाटाची, म्हणजे नौकांच्या सोहळ्याची, तयारी करतात. कुठे ट्रेकचा गट असतो, कुठे भित्तिपत्रकाचा.

म्हणून भाचीला सांगितलं, कॉलेज सकाळी बघू नकोस, संध्याकाळी पाचला जा. शेवटचा तास संपल्यावर आवारात कोण थांबतं, कशासाठी थांबतं, ते बघ. नोटीस बोर्डावरचे कागद यंदाचे आहेत की पिवळे पडलेत, ते बघ. हॉस्टेलच्या मुलींना विचार, "गेल्या शनिवारी काय केलंत?" त्यावर तीन-चार वेगवेगळी उत्तरं आली, तर तिथे तुझीही जागा आहे.

परवा ती एका कॉलेजात जाऊन आली. ऑफिस बंद झालं होतं. जिन्याखाली चौघं-पाच जण लाकडी चौकटीला कापड ठोकत होते. ही बघत उभी राहिली, तर एकीनं वर न बघताच म्हटलं, "जरा हे टोक धर गं."

ती घरी आली तेव्हा साडेआठ वाजले होते. फीबद्दल विचारायचं राहूनच गेलं होतं.