आधी पाणी, मग मासे

विषय ऐकून हसाल, पण गेले काही महिने माझ्या डोक्यात एवढंच आहे: माशांची टाकी.

दिवाळीच्या सुट्टीत नातू पुण्याहून आला. त्याला मासे पाळायचे होते. सुट्टी थोडी, आजी हौशी! त्याच दिवशी बोरिवलीतल्या एका दुकानातून दोन फुटी टाकी, फिल्टर, रंगीत खडे आणि आठ गोल्डफिश घेऊन आम्ही रिक्षाने गोराईला परत. संध्याकाळी मासे पाण्यात. दुकानदार म्हणाला, "क्लोरीनचं औषध टाका, बाकी काही नाही."

तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडू लागले. आठवड्यात आठही गेले. शेवटचा गेला तो नातवाच्या निघायच्या आदल्या दिवशी. "आजी, आपलं काय चुकलं?" त्याने विचारलं. तेहेतीस वर्षं मुलांच्या प्रश्नांना उत्तरं दिली, याचं मात्र नव्हतं.

उत्तर शोधायला बसले. विज्ञान माझा विषय नव्हे, मी मराठी आणि इतिहास शिकवला. पण समजलं ते असं. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं कुजतं, त्याचाही अमोनिया होतो. तो माशांना विष. नदी-तळ्यात एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषच, माशाच्या रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही. मग दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते बरंच सौम्य, आणि झाडांचं खत. हे काम दोन टप्प्यांत, वेगवेगळे जिवाणू करतात हे विनोग्राद्स्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास दाखवून दिलं. नव्या कोऱ्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच. आम्ही आठ गोल्डफिश चकचकीत, स्वच्छ दिसणाऱ्या विषात सोडले होते.

मग ठरवलं, पुन्हा करायचं, पण रीतीने. रंगीत खडे काढून रेती घातली, व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला लावली. नळाच्या पाण्यातला क्लोरीन जिवाणूंनाही मारतो, म्हणून पाणी आधी औषध घालून घेतलं. फिल्टर रात्रंदिवस चालू. मासा एकही नाही. रोज माशांच्या खाण्याची एक चिमूट टाकायची, ती कुजून अमोनिया झाला की जिवाणूंना शिधा मिळतो. शेजारच्या काकांची टाकी जुनी आहे. त्यांच्या फिल्टरच्या स्पंजचा तुकडा मागून आणला आणि माझ्या फिल्टरमध्ये ठेवला. बायकांना हे वेगळं समजवायला नको, विरजणच ते! दूध कितीही चांगलं असो, विरजण लावल्याशिवाय आणि रात्र गेल्याशिवाय दही होत नाही. घाईने भांडं हलवत बसलं तर मुळीच नाही.

थेंब टाकून रंग बघायचा एक संच मिळतो. वहीत रोज नोंद केली. आधी अमोनिया चढला. मग तो उतरू लागला आणि नायट्राइट चढलं. झाडांची जुनी पानं गळून कुजली तेव्हा वाटलं, सगळं फसलं. पण बुडातून नवे कोंब आले. येणारेजाणारे विचारत, "काय हो बाई, रिकामी टाकी कशाला?" अडतिसाव्या दिवशी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. चार दिवस रोज चिमूट टाकूनही शून्यच राहिलं, तेव्हा मी नातवाला फोन केला.

आता माझं मत. टाकी आणि मासे एकाच दिवशी विकू नयेत. दुकानदाराची बाजू मला कळते. तो नाही म्हणाला तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाईल. जाणकार असंही म्हणतात की भरपूर झाडं, एक-दोनच मासे आणि वरचेवर पाणी बदलणं, असं केलं तर मासे लवकर सोडूनही निभावतं. खरं असेल. पण ते मुरलेल्या माणसाचं काम, पहिल्यांदाच टाकी घेणाऱ्या आजी-नातवाचं नव्हे. दुकानाने पहिल्या दिवशी टाकी, झाडं, जुन्या फिल्टरचा स्पंज द्यावा आणि सोबत एक चिठ्ठी: मासे सहा आठवड्यांनी, पाणी तपासून. गिऱ्हाईक तुटणार नाही, उलट दोनदा येईल.

पण सगळा दोष दुकानावर ढकलणार नाही. घाई माझी होती. मला नातवाच्या चेहऱ्यावरचा आनंद सुट्टी संपायच्या आत हवा होता. त्यासाठी आठ जीव गेले आणि आनंदही गेला.

खरं तर मला हे कळायला हवं होतं. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने गोराईत भूखंड पाडले. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा घरं होती, वस्ती नव्हती. झाड नाही, ओळखीचं माणूस नाही. वाणी, दूधवाला, शेजार जमायला वर्षं गेली. पलीकडे खाडीत तिवरांच्या चिखलातही असलेच न दिसणारे जीव मुकाट कामं करत असतात, आपण फक्त वासाने नाक मुरडतो.

नाताळच्या सुट्टीत नातू आला. सहाच झेब्रा डॅनिओ आणले, आपल्याच उपखंडातले, काटक. त्यांना सोडण्याआधी त्याने स्वतः थेंब टाकून पाणी तपासलं आणि वहीत लिहिलं. पाच आठवडे झाले, सहाही आहेत. आता फोनवर तो पहिल्यांदा "मासे कसे आहेत?" विचारत नाही. विचारतो, "आजी, पाणी कसं आहे?"

असो. तुमच्याकडे कोणी टाकी घेत असेल तर हे जरूर वाचायला द्या.