एका दिवसाची यात्रा

महाशिवरात्रीच्या सुमारास देवगिरी, वेरूळ व घृष्णेश्वर एका दिवसात घडविणाऱ्या सहलीच्या गाड्या भरून निघतात. थकल्या पायांच्या वृद्धांना त्यायोगे ज्योतिर्लिंगाचे दर्शन घडते. म्हणून या सहलींना नावे ठेवणे उचित नव्हे. परंतु मार्गदर्शकाने हाक दिली की लगबगीने उठावे, हे दर्शन नव्हे. ती धावपळ होय.

राष्ट्रकूट नृपती पहिला कृष्ण याच्या काळी, आठव्या शतकात, शिल्पींनी कैलास लेणे शिखरापासून पायाकडे कोरीत नेले. चुकलेला घाव भरून काढण्याची सोय तेथे नव्हती. त्या तपश्चर्येपुढे आपण अर्ध्या तासात पाठ फिरवावी काय? देवगिरीवर एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांची समाधी आहे. घृष्णेश्वराचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात पुन्हा उभारविले. ही स्थळे केवळ पाहून संपणारी नव्हेत.

भाविकांना विनंती एवढीच : एखादे ठिकाण कमी पाहा, पण जे पाहाल तेथे घटकाभर बसा. निघण्यापूर्वी मुलांना त्यांची कथा सांगा. मंगळवारी लेणी बंद असतात, हेही ध्यानी ठेवा. गाडी कितीही धावो, चित्त स्थिरावले तरच यात्रा घडते.