खिडकीपर्यंतची सोबत

गेल्या शतकाच्या पूर्वार्धात कोकणातल्या खेड्यातून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरलेला तरुण जेव्हा परळ-लालबागच्या चाळीत दाखल होई, तेव्हा त्याच्याजवळ एक वळकटी आणि गाववाल्याचा पत्ता यांखेरीज बहुधा काही नसे. तथापि तो निराधार नसे, कारण गावकीने वर्गणी काढून भाड्याने घेतलेल्या खोलीत त्याला अंग टाकण्यापुरती जागा मिळे, आणि एकजण पाळीवर निघाला की दुसरा त्याच जागी निजे. खानावळवाली बाई पगार होईपर्यंत त्याला उधारीवर जेवू घाली, आणि गाववालाच त्याला गिरणीतल्या जॉबरपुढे नेऊन उभा करी. ही सोबत नसती तर गिरणगाव वसलेच नसते, असे माझे निःसंदिग्ध मत आहे.

आज पुण्याच्या हद्दीवर उंच इमारती उभारण्यासाठी बिहार, ओडिशा, झारखंड येथून जी कुटुंबे येतात, त्यांचाही गाववाला असतो. परंतु तोही त्यांच्याइतकाच नवखा, आणि सरकारी खिडकीची भाषा दोघांनाही परकी. जुने कपडे, चादरी, दिवाळीचा फराळ आपण त्यांना देतो, आणि ते द्यावेच. पण त्यांना खरी उणीव भासते ती त्या खिडकीपर्यंत बरोबर चालणाऱ्या माणसाची.

दोन वर्षांमागे आमच्या शेजारच्या बांधकामावरील एका बाईला आपली मुलगी शाळेत घालावयाची होती. पूर्वीच्या शाळेचा दाखला आणा, असे सांगून कारकुनाने तिला दोनदा परत पाठविले; आणि तो दाखला ओडिशातील गावाहून आणावयाचा म्हणजे कित्येक दिवसांची मजुरी बुडवून प्रवासखर्चही करावयाचा. तिसऱ्या खेपेस मी बरोबर गेलो, आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वये दाखल्यास विलंब झाला म्हणून वा वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश अडविता येत नाही, एवढेच शांतपणे निवेदन केले. पाऊण तासात मुलीचे नाव पटावर आले. यात माझा पराक्रम काहीच नव्हता. मी मराठीत बोललो आणि काम होईपर्यंत उठलो नाही. तेच निवेदन तिने केले असते तर ते ऐकून घेतले गेले असते काय, हा प्रश्न मला अद्याप अस्वस्थ करतो.

शिधापत्रिकेची गोष्ट याच जातीची. गावाकडच्या पत्रिकेवर येथील रास्त भाव दुकानात अंगठा लावून धान्य मिळते, आणि आपल्या वाट्याचे येथे उचलून बाकीचे गावी राहिलेल्या आईवडिलांना तेथे घेता येते, ही माहिती त्या दुकानावरून रोज जाणाऱ्या कित्येकांना नसते. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडील नोंदणीसाठी वर्षभरात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि ठेकेदार तो देण्यास टाळाटाळ करतो. येथे मजुराच्या विनवणीपेक्षा त्या इमारतीत घर नोंदविलेल्या गृहस्थाच्या शब्दाला अधिक वजन आहे. फरशीचा रंग आणि नळाचा नमुना यांविषयी बिल्डरकडे आठवड्यातून दोनदा चौकशी करणाऱ्याने, आपले घर बांधणाऱ्यांना दाखले मिळाले की नाहीत, हेही एकदा विचारावे.

परप्रांतीय मराठी शिकत नाहीत, ही तक्रार मी नित्य ऐकतो. मराठीचा आग्रह मलाही मान्य आहे. किंबहुना ज्याला येथे दवाखान्यात दुखणे सांगावयाचे आहे आणि मुकादमाकडे हिशेब मागावयाचा आहे, त्याला मराठीची गरज आपल्यापेक्षा अधिक आहे. पण दिवसभर विटा वाहणाऱ्याने ती कोणाकडून शिकावी? तक्रार करणाऱ्यानेच आठवड्यातून एक संध्याकाळ त्याच्यापाशी बसावे, यापरता दुसरा उपाय मला दिसत नाही.

आमच्या वाचनालयाचे दालन रविवारी दुपारी रिकामे असते, आणि बांधकामावर बहुधा त्याच दिवशी सुट्टी असते. तेथे एक टेबल मांडून अर्ज लिहून देण्याची व सोमवारी कचेरीत बरोबर जाण्यासाठी माणसे नेमण्याची परवानगी मी कार्यकारी मंडळाकडे लेखी मागितली आहे. बरोबर जाण्यास तिघे सेवानिवृत्त गृहस्थ आणि एक शिक्षिका तयार आहेत.