काळ्या पाषाणातील वायू

औष्णिक वीजकेंद्रांचा कार्बन वायू दख्खनच्या काळ्या पाषाणात कायमचा गाडता येईल काय, याचा अभ्यास एनटीपीसी व हैदराबादची भूभौतिकी संशोधन संस्था यांनी पूर्वीच आरंभिला. आइसलंडमध्ये २०१२ साली बसाल्टात सोडलेल्या वायूपैकी ९५ टक्के दोन वर्षांच्या आत खनिजरूप झाला. हे यश निर्विवाद आहे. परंतु तेथील खडक तरुण. दख्खनचा साडेसहा कोटी वर्षांचा, त्याच्या पोकळ्या पुष्कळ ठिकाणी बुजलेल्या. शिवाय त्या पद्धतीत टनभर वायू विरघळविण्यास सुमारे पंचवीस टन पाणी लागते.

हिंगोलीचा शेतकरी याच खडकाच्या भेगांतून झिरपणाऱ्या पाण्यावर जगतो. वसमत तालुक्यात पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून गूढ आवाज येतात. २१ मार्च व १० जुलै २०२४ रोजी जिल्ह्याला ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. धूर कारखानदाराचा आणि धोका मात्र कोरडवाहू शेतकऱ्याचा, ही वाटणी कोणत्या न्यायाची? उद्या येथे असा प्रस्ताव आलाच, तर भूजलाची व भूकंपांची मोजणी आधी व्हावी, तिचे आकडे ग्रामसभेपुढे मराठीत ठेवले जावेत, आणि गळतीची जबाबदारी वायू गाडणाऱ्या कंपनीवर करारातच लिहून घेतली जावी.