पोराच्या हातातला चहाचा कप काढून घ्या

शाळेचा दुसरा तास. फळ्यावर वजाबाकी चालू आहे आणि मागच्या बाकावरचं पोर जांभया देतंय, शेजारच्याला कोपर मारतंय, खिडकीबाहेर बघतंय. बाई वहीत शेरा लिहितात : 'लक्ष देत नाही.' संध्याकाळी तो शेरा वाचून पोराला घरी बोलणी बसतात, कधी धपाटाही. पण त्या सकाळी त्याच्या पोटात काय गेलं होतं, हे कुणी विचारत नाही. कितीतरी घरांत उत्तर एकच निघेल : चहात बुडवलेली चार बिस्किटं, नाहीतर खारी.

आईबाबांनो, आजीआजोबांनो, पोराला द्वाड किंवा मठ्ठ ठरवण्याआधी त्याची सकाळची ताटली बघा, एवढंच मला सांगायचं आहे.

रात्री आठला जेवलेलं मूल सकाळी सातला वर्गात बसतं, तेव्हा त्याला उपाशी राहून अकरा तास झालेले असतात. मोठ्या माणसाचा मेंदू शरीराच्या एकूण ऊर्जेतला सुमारे पाचवा हिस्सा वापरतो. लहान मुलाच्या मेंदूला त्याच्या जवळजवळ दुप्पट वाटा लागतो. बिस्किटातला मैदा आणि साखर झटकन पचते आणि थोड्या वेळात पोट पुन्हा रिकामं होतं. भुकेलेलं मूल 'मला भूक लागली' असं दरवेळी सांगत नाही. ते चिडतं, चुळबुळतं, नाहीतर पेंगतं.

दुसरी गोष्ट रक्ताची. २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली सुमारे ५४ मुलं रक्तक्षयी आढळली होती. २०१९-२१च्या पाहणीत तो आकडा ६९ झाला. लोह फक्त रक्तासाठी लागतं असं नाही. मेंदूत लक्ष, उत्साह आणि शिकणं यांच्याशी जोडलेली जी रसायनं तयार होतात, त्यांनाही लोह लागतं. लोह कमी पडलेलं मूल लवकर दमतं, किरकिर करतं, एका जागी मन लावू शकत नाही. आणि चहातली टॅनिनं नेमकं हेच, भाजी-भाकरीतलं लोह अंगी लागू देत नाहीत. म्हणजे चहा भूक मारतो आणि वर पौष्टिक खाल्लेलंही वाया घालवतो. जेवणाच्या आधी आणि नंतर निदान तासभर चहा-कॉफी टाळा, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मोठ्यांनाही सांगितलं आहे. मुलांना तर चहाची गरजच नाही.

मग द्यायचं काय? महागडी पावडर नको. रात्रीची भाकरी दुधात कुस्करून द्या. मोड आलेल्या मटकीची उसळ आणि पोळी द्या. भाजणीचं थालीपीठ, नाचणीची आंबील, उकडलेलं अंडं, यांतलं घरात जमेल ते. पोहे करत असाल तर शेंगदाण्यांचा हात सैल ठेवा आणि वर लिंबू पिळा. लिंबू, आवळा, पेरू यांतल्या क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं. मधल्या सुट्टीसाठी वेफर्सऐवजी गूळ-शेंगदाणे, फुटाणे, राजगिऱ्याचा लाडू द्या. आणि हे काम एकट्या आईचं नव्हे. रात्री मटकी भिजत घालायला आणि सकाळी अंडं उकडायला बाबांनाही जमतं.

साखरेने पोरं उधळतात, असं आपण म्हणतो. १९९०च्या दशकात मुलांना आणि पालकांना कळू न देता साखर व कृत्रिम गोडी देऊन प्रयोग झाले, तेव्हा वागण्यात फरक दिसला नाही. तरी साखर कमीच हवी, कारण ती दात किडवते आणि चांगल्या अन्नाची जागा खाते. भडक रंगांचं मात्र वेगळं आहे. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या २००७च्या अभ्यासात काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट यांचं मिश्रण प्यायल्यावर काही मुलांची चंचलता वाढलेली दिसली. २०१०पासून युरोपीय संघात अशा सहा रंगांच्या खाद्यपदार्थांवर मुलांच्या लक्षावर परिणाम होऊ शकतो, हा इशारा छापावा लागतो. त्यांतले चार रंग आपल्याकडेही चालतात. पाकिटामागे १०२, ११०, १२२, १२४ हे आकडे शोधा, आणि दिसले तर पाकीट परत ठेवा.

सगळं काही आहाराने सुटेल, असं मात्र समजू नका. मुलाला फळा नीट दिसतो का, झोप पुरते का, पोटात जंत आहेत का, हेही बघा. शाळेत वा अंगणवाडीत मिळणारी जंताची आणि लोहाची गोळी 'आमच्याला नको' म्हणून परत पाठवू नका. मूल फिकट दिसत असेल, सतत थकत असेल, माती किंवा खडू खात असेल, तर डॉक्टरांकडे नेऊन हिमोग्लोबिन तपासून घ्या. न्याहारी सुधारूनही चंचलता तशीच राहिली, तरीही बालरोगतज्ज्ञांना भेटा. तो पोराचा दोष नसतो.

सुरुवात उद्याच करा. पोराच्या हातातला कप काढून घ्या, समोर ताटली ठेवा आणि पाच मिनिटं त्याच्याजवळ बसा. महिनाभर हे नेमाने करा. वहीतल्या शेऱ्यावर रागवायचं असेल, तर त्यानंतर रागवा.