मंडपाबाहेरील जाळ

ताडोबाचे अरण्य पाहावयास जाणाऱ्या मंडळींच्या गळ्यात हातभर लांबीची भिंगे लटकत असतात, आणि वाघाने नुसती शेपटी हलविली तरी पन्नास छायाचित्रे निघतात. त्यात वावगे काही नाही. परंतु त्याच चंद्रपूर जिल्ह्यात, व 1982 साली त्यापासून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत, सूर्य मावळल्यावर जे पाहावयास मिळते त्याकडे हा कॅमेरा क्वचितच वळतो. आमचा रोख झाडीपट्टीतील नाटकाच्या मंडपाबाहेर पेटणाऱ्या चुलींकडे आहे.

पुण्यामुंबईकडील वाचकांसाठी थोडा खुलासा केला पाहिजे. धान कापून झाले, दिवाळी सरली, की ह्या भागात गावोगाव मंडई भरते, कोठे शंकरपट होतो, आणि त्या निमित्ताने रात्री नाटक लागते. ते उजाडेपर्यंत चालते. नाटकमंडळ्यांचे मुख्य ठाणे वडसा, म्हणजेच देसाईगंज. ह्या रंगभूमीवरील ज्येष्ठ नट परशुराम खुणे ह्यांस 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरातील कित्येकांनी झाडीपट्टीचे नाव प्रथमच ऐकले असावे. आत राजे, खलनायक आणि सासुरवाशिणी रंगमंच गाजवीत असतात. बाहेर चहा, भजे व आलुबोंडा ह्यांची दुकाने रात्रभर जागतात. पडदा पडला की थंडीने कुडकुडणारे प्रेक्षक शाली सावरीत कढईभोवती गोळा होतात. ह्या घटकेचे चित्र घ्यावे असे कोणास वाटणार नाही?

आणि नेमके तेच बहुधा बिघडते. कॅमेरा आपण होऊन उजेडाचे माप घेतो तेव्हा त्यास चोहीकडे काळोखच दिसतो. तो भिंग अधिक वेळ उघडे ठेवतो, आणि ज्वाळेच्या जागी एक पांढरा डाग उमटतो. ज्वाळेवरून माप घ्यावे, तर भजी तळणारा माणूस काळोखात बुडतो. मार्ग असा, की माप गालावरून घ्यावे, ते किंचित कमी करावे, आणि ज्वाळा स्वतः कढईच्या वा माणसाच्या आड जाईल अशा ठिकाणी उभे राहावे. ही युक्ती काही आमची नव्हे. सावळाराम हळदणकरांचे, हाती दीप घेतलेल्या स्त्रीचे जलरंगातील चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. त्यात ज्योत हाताआड आहे. दिसतो तो बोटांतून पाझरणारा लालसर उजेड आणि उजळलेला चेहरा. ज्योत दाखविली असती तर दृष्टी तेथेच खिळली असती.

दुसरी गोष्ट अंतराची. लहानशा ज्वाळेपासून अंतर निम्मे झाले की उजेड जवळजवळ चौपट होतो. म्हणून चुलीत लाकूड सारण्यासाठी, अथवा फुंकर घालण्यासाठी, तो माणूस वाकेल त्या क्षणाची वाट पाहावी. हात हलता असेल तर चित्र पुसट होते. पीठ तेलात सोडताना मात्र हात क्षणभर ठरतो. सेकंदाच्या साठाव्या भागात जाळाच्या जिभा स्पष्ट उमटतात, आठव्या भागात त्यांचे मऊ वस्त्र होते. आम्हांस पहिला प्रकार अधिक रुचतो. रंगाचीही काळजी घ्यावी लागते. ज्योतीचा उजेड सुमारे 1,900 केल्विनचा, दुपारच्या उन्हाचा सुमारे 5,500 चा. मोबाइल हा फरक दोष समजून तांबूसपणा पुसून टाकावयास धावतो. ते काम त्याच्या हातून काढून घ्यावे. फ्लॅश तर मुळीच नको. जेकब रीस ह्यांनी 1880 च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत भकाभक पेटणारी पूड उडवून चित्रे घेतली. त्यांतील चेहऱ्यांवर पुष्कळदा प्रथम दचकणेच दिसते.

दचकण्याचा विषय निघालाच आहे. गडचिरोलीने कित्येक दशके बंदुकीच्या दोन्ही बाजूंचा जाच सोसला आहे. तेथे रात्री अनोळखी मनुष्य कोणाच्या तोंडासमोर कॅमेरा धरतो, तेव्हा हे चित्र कोठे जाणार, ही शंका येणे अगदी रास्त होय. "फोटो कायले काढता जी?" असे कोणी विचारले तर त्याचे सरळ उत्तर द्यावे, आणि नको म्हटल्यास भजे घेऊन, पैसे देऊन निघावे. तसेच पडदा पडल्यावरची ती थोडी मिनिटेच त्या दुकानाच्या कमाईची असतात. उकळत्या तेलापाशी, गिऱ्हाइकाच्या वाटेत, पाय रोवून उभे राहू नये. काका, मावशी म्हणून आधीच बोलून ठेवले, आणि अंक चालू असताना काम आटोपले, तर दोन्ही पक्षांस सोयीचे जाते.

आता जी गोष्ट आम्हांस अधिक बोचते ती सांगतो. लाकडाच्या जाळाचा जो सोनेरी रंग आपणांस इतका भुलवितो, तो वस्तुतः तापून लाल-पिवळ्या झालेल्या काजळीच्या कणांचा रंग होय. तेच कण जळून न जाता निवले की धूर होतात, आणि जी बाई रात्रभर चुलीसमोर बसते तिच्या डोळ्यांत व छातीत जातात. गॅसची निळी ज्योत चेहऱ्यावर उजेड टाकीत नाही, कारण तीत काजळीच जवळजवळ नसते. अर्थात् चित्र जितके चांगले, तितका धूर अधिक. 2016 पासून उज्ज्वला योजनेने पुष्कळ घरांत सिलिंडर पोहोचले. दुकानांतही शेगड्या दिसू लागल्या आहेत. त्यावर "जुनी शोभा गेली" असे उसासे टाकणारे छायाचित्रकार आम्हांस भेटले आहेत. त्यांस एक रात्र त्या चुलीच्या वाऱ्याखालच्या बाजूस बसवावे, इतकेच आम्ही म्हणू.

गॅसच्या दुकानातही चित्र होते, मात्र निराळ्या रीतीने. वरचा पांढरा दिवा डोक्यामागे येईल असे उभे राहावे. त्याने कढईतून उठणारी वाफ उजळते, आणि परातीवरून परतलेला उजेड हनुवटीखाली पडतो. तेवढा पुरतो. घेतलेल्या चित्राची कागदावरील एक प्रत ज्याची त्यास अवश्य पोहोचती करावी. मंडई सहसा दरवर्षी भरते, व बहुतेक दुकाने ठरल्या जागीच लागतात, म्हणून पुढल्या हिवाळ्यात माणूस शोधावयास फारसे हिंडावे लागत नाही.